सर्व्हरचा मातृवृक्ष: पॅकरने क्लाउडची इमेज बनवताना

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची रोपं थेट बियांपासून करत नाहीत. जंबेरीचा खुंट वाढवतात आणि त्यावर चांगल्या मातृवृक्षाचा डोळा बांधतात. एका झाडाचे डोळे शेकडो रोपांवर जातात, म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेपासून गावच्या नर्सरीवाल्यापर्यंत सगळे एकाच प्रश्नावर अडून बसतात: मातृवृक्ष निरोगी आहे ना? ग्रीनिंगसारखा रोग डोळ्याबरोबरच रोपात उतरतो. लावताना काही दिसत नाही. दिसतो तेव्हा बाग उभी झालेली असते.

क्लाउडमधल्या मशीनची इमेज हाच मातृवृक्ष आहे. तयार केलेल्या मशीनच्या डिस्कची गोठवलेली प्रत म्हणजे इमेज. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये तिला एएमआय म्हणतात. तिच्यापासून दहा मशीन उठवा की दोनशे, सगळी हुबेहूब. आत एखादी चूक राहिली तर तीही दोनशे ठिकाणी हुबेहूब.

ही कटकट करायचीच कशाला? समजा, नागपूरच्या कळमना मार्केटचे संत्र्याचे भाव दाखवणारं एक ॲप आहे. आंबिया बहराच्या दिवसांत सकाळी लिलाव सुरू झाला की सगळे व्यापारी एकदम मोबाइल उघडतात. ऑटोस्केलिंग (गर्दीनुसार सर्व्हर वाढवणारी सोय) नवे सर्व्हर मागवतं, पण प्रत्येक सर्व्हर कोरा उबुंटू (लिनक्सची एक जात) म्हणून उठतो आणि मग अपडेट, जावा, इंजिनएक्स (वेब सर्व्हर), ॲप असं एकेक उतरवत बसतो. त्यात आठ-दहा मिनिटं जातात, तोवर गर्दी ओसरलेली असते. त्यातच एखाद्या पॅकेजचा सर्व्हर त्या वेळी बंद असला तर नवं मशीन अर्धवट तयार होतं. तेच सगळं आधीच इमेजमध्ये घालून ठेवलं असेल तर मशीन मिनिटभरात कामाला लागतं आणि आज उठलेलं व परवा उठलेलं यांत फरक राहत नाही.

हाताने इमेज करता येतेच: मशीन सुरू करा, आत शिरून सगळं बसवा, कन्सोलमध्ये ‘क्रिएट इमेज’ दाबा. पहिल्यांदा हे छान वाटतं. तीन महिन्यांनी सुरक्षा अपडेट घालून तीच इमेज परत करायची वेळ आली की आत नेमकं काय-काय बसवलं होतं हे कुणालाच आठवत नाही. हे काम फाइलमध्ये लिहून ठेवणारं आणि दर वेळी तसंच्या तसं करणारं साधन म्हणजे हॅशिकॉर्प कंपनीचं पॅकर. ते २०१३ पासून आहे. ॲझ्युर, गूगल क्लाउड, व्हीएमवेअर यांच्यासाठीही ते चालतं. इथली उदाहरणं ॲमेझॉनच्या मुंबई रीजनची (रीजन म्हणजे एका भागातली डेटा सेंटरं) आहेत, कारण नागपूरच्या वापरकर्त्यांसाठी हैदराबादबरोबर तेच सोयीचं पडतं.

एक सूचना आधीच. सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा.

बटण दाबल्यावर पॅकर काय करतं

हा क्रम डोक्यात बसला की निम्म्या चुका आपोआप उलगडतात. पॅकर आधी मूळ इमेज शोधतं. मग तात्पुरती एसएसएच किल्ली (दुरून मशीनमध्ये शिरायची) आणि तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप (कुणाला आत येऊ द्यायचं ते ठरवणारे नियम) बनवतं, मूळ इमेजवरून एक मशीन सुरू करतं आणि पोर्ट २२ वरून, म्हणजे एसएसएचच्या दारातून, आत शिरतं. तुम्ही सांगितलेल्या स्क्रिप्ट चालवून झाल्या की मशीन थांबवतं, कारण चालू डिस्कची प्रत घेतली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली आत जाऊ शकतात. मग इमेज घेतं, ती तयार होईपर्यंत वाट बघतं आणि मशीन, किल्ली, ग्रुप सगळं पुसून टाकतं. हातात उरतो फक्त इमेजचा आयडी.

आपली फाइल या क्रमाचं वर्णन असते. तिच्या नावाच्या शेवटी डॉट पीकेआर डॉट एचसीएल असावं लागतं. तिच्यात तीन मुख्य ठोकळे येतात. ‘पॅकर’ ठोकळ्यात कोणतं प्लगिन (पॅकरला त्या-त्या क्लाउडशी जोडणारा भाग) लागणार ते सांगायचं. ‘सोर्स’मध्ये खुंट कोणता, मशीन कुठे आणि केवढं ते. ‘बिल्ड’मध्ये डोळा, म्हणजे त्या खुंटावर काय चढवायचं ते. यातला पहिला ठोकळा विसरण्याचं प्रमाण फार मोठं आहे. जुन्या पॅकरमध्ये ॲमेझॉनचं प्लगिन आतच यायचं, १.१० आवृत्तीपासून ते काढलं गेलं. त्यामुळे नेटवरची जुनी फाइल जशीच्या तशी उचलली तर ‘ॲमेझॉन-ईबीएस’ हा सोर्सच ओळखीचा नाही अशी तक्रार येते. ‘रिक्वायर्ड प्लगिन्स’मध्ये ॲमेझॉनचं प्लगिन आणि त्याची किमान आवृत्ती लिहा, मग एकदा ‘पॅकर इनिट’ चालवा, प्लगिन उतरतं.

त्यानंतर ‘पॅकर एफएमटी’ मांडणी नीट करतं आणि ‘पॅकर व्हॅलिडेट’ व्याकरण तपासतं. व्हॅलिडेट पास झालं म्हणून हुरळून जाऊ नका. तुमच्या स्क्रिप्टमध्ये काय चुकलंय आणि खात्याला कोणती परवानगी कमी पडतेय, हे त्याला कळत नाही. ते ‘पॅकर बिल्ड’ सुरू झाल्यावरच कळतं.

खुंट निवडताना

मूळ इमेजचा आयडी थेट लिहिला तर महिन्याभरात ती जुनी होते आणि प्रत्येक रीजनमध्ये आयडी वेगळाच असतो. म्हणून ‘सोर्स एएमआय फिल्टर’ वापरतात: नावाचा साचा द्यायचा आणि ‘मोस्ट रीसेंट’ चालू करायचं, की जुळणाऱ्यांतली सगळ्यात ताजी इमेज उचलली जाते.

नावाच्या साच्यात एक खोच आहे. उबुंटू २२.०४ च्या नावात ‘एचव्हीएम-एसएसडी’ येतं. २४.०४ मध्ये तेच ‘एचव्हीएम-एसएसडी-जीपी३’ झालं. म्हणजे जुन्या फाइलमध्ये नुसतं जॅमीच्या जागी नोबल (ही त्या दोन आवृत्त्यांची टोपणनावं) आणि २२.०४ च्या जागी २४.०४ केलं तर काहीच सापडत नाही, आणि माणूस तासभर परवानग्या तपासत बसतो.

दुसरी गोष्ट खोच नाही, सरळ धोका आहे. फिल्टरमध्ये ‘ओनर्स’ लिहिलंच पाहिजे. उबुंटूसाठी ते उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचं खातं: ०९९७२०१०९४७७. एएमआय कुणीही सार्वजनिक करू शकतो आणि तिला हवं ते नाव देऊ शकतो. मालक न सांगता नुसतं ‘या नावाची ताजी इमेज दे’ म्हणू दिलं, तर कुणी भामट्याने तसल्याच नावाची नवीकोरी इमेज टाकली की तीच उचलली जाणार, म्हणून पॅकर मालकाशिवायचा फिल्टर घेतच नाही. या प्रकारावर डेटाडॉग कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सविस्तर लिहिलं आणि त्याला ‘हू-एएमआय’ असं नाव दिलं. चौकात गाडीवर विकायला आलेली कलमं कोणत्या झाडाची आहेत हे न विचारता बागेत लावावीत, तसलाच हा प्रकार.

मशीनचा आकार निवडताना काटकसर उलटते. टी३ मायक्रोमध्ये १ जीबी मेमरी असते. आत काही कंपाइल करायचं असेल किंवा नोडची मोठी पॅकेजं बसवायची असतील तर मेमरी संपून प्रक्रिया मारली जाते, आणि लॉगमध्ये नुसतं ‘किल्ड’ एवढंच दिसतं. बिल्डचं मशीन पंधरा-वीस मिनिटंच जगतं. टी३ मीडियम घ्या, ४ जीबी मिळते, बिलात फरक कळणारही नाही. टी४जी स्वस्त म्हणून घेत असाल तर तो आर्म प्रोसेसर आहे हे ध्यानात ठेवा: मूळ इमेजही आर्मचीच लागते, आणि त्यातून झालेली इमेज टी३ वर उठत नाही.

डिस्कचा आकार ‘लाँच ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग्ज’मध्ये सांगतात. उबुंटूसाठी डिव्हाइसचं नाव डेव्ह-एसडीए१, ॲमेझॉन लिनक्ससाठी डेव्ह-एक्सव्हीडीए. नाव चुकलं तर एरर येत नाही, हाच त्यातला त्रास. मूळ डिस्क ८ जीबीचीच राहते आणि २० जीबीची दुसरी कोरी डिस्क शेजारी लागते. मग ‘२० दिले तरी जागा भरली कशी’ म्हणून शोध सुरू होतो. आकार गरजेपेक्षा फार मोठा ठेवू नका. इमेजपेक्षा मोठी डिस्क देऊन मशीन उठवता येतं आणि क्लाउड-इनिट (पहिल्यांदा उठताना मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) ती आपोआप वाढवून घेतं. इमेजपेक्षा लहान डिस्क मात्र देता येत नाही.

आत शिरताना

सगळ्यात जास्त दिसणारी एरर: ‘टाइमआउट वेटिंग फॉर एसएसएच’. कारणं ठरलेली आहेत. युजर चुकीचा असतो: उबुंटूत उबुंटू, डेबियनमध्ये ॲडमिन, ॲमेझॉन लिनक्समध्ये ईसी२-युजर. नाहीतर मशीनला पब्लिक आयपीच मिळालेला नसतो. खात्यातलं डिफॉल्ट व्हीपीसी (खात्याचं खासगी नेटवर्क) कुणी साफसफाईत उडवलं असेल, तर सबनेट (त्या नेटवर्कचा एक तुकडा) स्वतः द्यावं लागतं, ‘असोसिएट पब्लिक आयपी ॲड्रेस’ चालू करावं लागतं आणि त्या सबनेटची वाट इंटरनेट गेटवेकडे जाते का तेही बघावं लागतं.

उबुंटू २२.०४ च्या आसपास एक वेगळीच तक्रार सुरू झाली: मशीन उठतं, पोर्ट उघडं असतं, तरी हँडशेक (जोडणीआधीची ओळख पटवणं) फसतो. नव्या ओपनएसएसएचने एसएचए-१ वाल्या जुन्या आरएसए सह्या स्वीकारणं बंद केलं आणि जुनं पॅकर तशीच सही पाठवत होतं. पॅकर व प्लगिन नवं करा, किंवा ‘टेम्पररी की पेअर टाइप’ला ईडी२५५१९ लिहा.

पॅकर जो तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप बनवतं, त्यात पोर्ट २२ मुळात सगळ्या जगाला उघडं असतं. वेळ थोडा असला तरी ‘टेम्पररी सिक्युरिटी ग्रुप सोर्स सीआयडीआर्स’मध्ये ऑफिसचा आयपी टाकणं बरं.

डोळा बांधताना: स्क्रिप्ट

उबुंटूवर पहिल्या स्क्रिप्टची पहिली ओळ ‘क्लाउड-इनिट स्टेटस’ आणि तिला ‘वेट’ हा पर्याय, एवढीच असू द्या. मशीनचं एसएसएच उघडतं तेव्हा क्लाउड-इनिटचं आतलं काम अजून चालू असतं. त्याच वेळी तुम्ही एपीटीला (उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) पॅकेज मागितलं की कधी लॉक मिळत नाही, कधी पॅकेजची यादीच अर्धवट असल्यामुळे ‘पॅकेज सापडत नाही’ असं उत्तर येतं. गंमत अशी की पाचपैकी चार वेळा हे नीट चालतं, म्हणून लोक ‘परत चालवून बघ’ म्हणतात आणि खरं कारण तसंच राहतं. मध्ये ‘स्लीप ३०’ टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

एपीटी चालवताना ‘डेबियन फ्रंटएंड’ हे व्हेरिएबल (हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहायचं) ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ ठेवा. नाहीतर एखादं पॅकेज निळा चौकोन उघडून प्रश्न विचारतं, उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, आणि बिल्ड तासभर तसंच लटकतं.

फाइलमध्ये थेट लिहिलेल्या ओळी पॅकर अशा शेलमध्ये चालवतं की एक ओळ फसली की बिल्ड थांबतं. स्वतंत्र स्क्रिप्ट फाइल दिली तर ही हमी नसते. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ नसेल तर मधली ओळ फसूनही शेवटची ओळ पास होते, पॅकर हिरव्या अक्षरात यश सांगतं, आणि इमेजमध्ये जावाच नसतं. असली इमेज तुटलेल्या बिल्डपेक्षा वाईट, कारण ती पुढे जाते.

स्क्रिप्ट आधी टेम्प फोल्डरमध्ये चढते आणि तिथून चालते. सुरक्षेसाठी घट्ट केलेल्या मूळ इमेजमध्ये त्या फोल्डरवर ‘नोएक्झेक’ (तिथून काही चालवायला मनाई) असतं, मग ‘परमिशन डिनाइड’ येतं. ‘रिमोट फोल्डर’ बदलून होम फोल्डर द्या. ‘फाइल’ प्रोव्हिजनरचंही (मशीनच्या आत काम करणाऱ्या प्रत्येक पायरीला पॅकर प्रोव्हिजनर म्हणतं) असंच: तो साध्या युजरच्या हक्काने फाइल चढवतो, त्यामुळे थेट ईटीसी या सिस्टमच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये टाकायला गेलात तर अडतो. टेम्पमध्ये चढवा, पुढच्या स्क्रिप्टमध्ये सुडोने (प्रशासकाच्या हक्काने) हलवा.

मोठी फाइल मात्र ऑफिसातून चढवूच नका. आयटी पार्कमधल्या ऑफिसचा अपलोड वेग २० एमबीपीएस धरला, तर ५०० एमबीचं पॅकेज मुंबईला पोचायला २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेही प्रत्येक बिल्डला. ते पॅकेज मुंबई रीजनच्याच एस३ बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत) ठेवा आणि बिल्डच्या मशीनला तिथून उतरवू द्या. त्यासाठी ‘आयएएम इन्स्टन्स प्रोफाइल’ (मशीनला परवानग्या देणारी सेटिंग) द्यावं लागतं, आणि पॅकर चालवणाऱ्याकडे ते मशीनला देण्याची ‘पासरोल’ परवानगी असावी लागते. ती नसली की मशीन सुरूच होत नाही.

कर्नल अपडेटनंतर रीबूट करायचं असेल तर त्या प्रोव्हिजनरमध्ये ‘एक्सपेक्ट डिस्कनेक्ट’ चालू करा आणि पुढच्यात ‘पॉज बिफोर’ ३० सेकंद द्या. नाहीतर कनेक्शन तुटलं म्हणजे बिल्ड मेलं, असं पॅकर समजतं. अँसिबल (सर्व्हरची मांडणी करणारं साधन) वापरणाऱ्यांना नव्या ओपनएसएसएचवर फाइल कॉपी फसल्याची एरर भेटते. ‘एक्स्ट्रा आर्ग्युमेंट्स’मधून एससीपीला (फाइल कॉपी करणाऱ्या आज्ञेला) मोठा ‘-ओ’ हा पर्याय दिला की जुनी पद्धत वापरली जाते आणि काम होतं.

रोग पुढे जाऊ नये म्हणून

शेवटची स्क्रिप्ट झाडझुडीची. घाई असली की हीच वगळली जाते, आणि पुढचे सगळे विचित्र प्रकार इथूनच निघतात.

मशीन-आयडी ही मशीनची ओळख ठेवणारी फाइल रिकामी करा. पुसू नका, नुसती शून्य आकाराची करा. पहिल्या बूटला सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) त्यात नवा आयडी भरतं. तो तसाच राहिला तर सगळी मशीन स्वतःला एकच समजतात. ॲमेझॉनवर आयपी वाटप नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून होतं म्हणून लगेच बोंब होत नाही, पण व्हीएमवेअरवर त्याच पद्धतीची इमेज नेली तर दोन मशीनना एकच आयपी मिळाल्याचे प्रकार होतात. मॉनिटरिंगच्या एजंटचंही तसंच. बिल्डच्या वेळी तो सुरू झाला आणि स्वतःची नोंदणी करून आयडी लिहून बसला, तर डॅशबोर्डवर वीस सर्व्हरच्या जागी एकच सर्व्हर उड्या मारताना दिसतो. एजंट बसवा, सर्व्हिस ‘इनेबल’ करा, ‘स्टार्ट’ करू नका. बसवतानाच तो स्वतःहून सुरू झाला असेल तर थांबवून त्याची ओळखीची फाइल काढा.

एसएसएचच्या होस्ट किल्ल्या (मशीनची ओळख पटवणाऱ्या) काढा. क्लाउड-इनिट नव्या मशीनवर त्या मुळातच नव्याने बनवतं, पण तुम्ही क्लाउड-इनिट बंद केलं असेल तर दोन्हीकडून फसाल: किल्ल्या ठेवल्या तर सगळ्या मशीनची ओळख एक, काढल्या तर एसएसएच सुरूच होत नाही. पॅकरची तात्पुरती किल्ली ‘ऑथराइज्ड कीज’मध्ये पडून राहते, त्यासाठी ‘एसएसएच क्लिअर ऑथराइज्ड कीज’ चालू करा. ‘क्लाउड-इनिट क्लीन’ला ‘लॉग्ज’ जोडून चालवा, एपीटीचा साठा रिकामा करा, शेलचा इतिहास पुसा.

पासवर्ड, टोकन, डेटाबेसचा पत्ता यांपैकी काहीही इमेजमध्ये नको. ज्याला इमेज वापरता येते त्याला तिची डिस्क वाचता येते. पॅकरच्या व्हेरिएबलवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलं म्हणजे ते फक्त लॉगमध्ये झाकलं जातं. स्क्रिप्टने ते डिस्कवर लिहिलं तर इमेजमध्ये जाणारच. असल्या गोष्टी मशीन उठताना सीक्रेट्स मॅनेजरमधून किंवा युजर-डेटातून याव्यात.

नाव, चावी, खर्च

एका खात्यात एका रीजनमध्ये एएमआयचं नाव दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून नावात वेळ घालतात. पण नुसता टाइमस्टॅम्प टाकला तर त्यात कोलन येतो आणि कोलन नावात चालत नाही. ‘रेजेक्स रिप्लेस’ने चिन्हं काढून फक्त आकडे ठेवा. डिस्क कूटबद्ध करायची तर ‘एनक्रिप्ट बूट’ चालू करा. इमेज दुसऱ्या खात्याला द्यायची असेल तर मात्र केएमएसमध्ये (ॲमेझॉनची चाव्या सांभाळणारी सेवा) स्वतःची चावी लागते. ॲमेझॉनच्या डिफॉल्ट चावीने कूटबद्ध केलेली इमेज वाटता येत नाही. हैदराबादलाही प्रत हवी असेल तर ‘एएमआय रीजन्स’मध्ये एपी-साउथ-२ लिहा.

बिल्ड फसलं की पॅकर मशीन लगेच पुसतं, त्यामुळे आत जाऊन बघायची संधीच जाते. ‘ऑन-एरर’ला ‘आस्क’ दिलं तर ते थांबून विचारतं. तोवर दुसऱ्या खिडकीतून त्याच मशीनमध्ये शिरून बघता येतं. मात्र तात्पुरती किल्ली हाताशी हवी, म्हणून बरोबर ‘डीबग’ पर्याय द्या. तो किल्ली चालू फोल्डरमध्ये ठेवतो आणि प्रत्येक पायरीला एंटर मागतो.

हे सगळं रोज लॅपटॉपवरून चालवू नये. मे महिन्याच्या दुपारी लाइन गेली, राउटर बंद पडला, की पॅकर झाडझूड न करताच मरतं आणि ते तात्पुरतं मशीन क्लाउडमध्ये बिल वाढवत उभं राहतं. कंट्रोल-सी एकदा दाबलं तर ते आवरून बंद होतं. वैतागून दुसऱ्यांदा दाबलं की तेही नाही. ‘रन टॅग्ज’मध्ये ओळखीचा टॅग ठेवा, म्हणजे असली बेवारस मशीन शोधता येतात. नेहमीचं बिल्ड सीआय रनरवर (अशी कामं आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर), आठवड्यातून एकदा.

‘मॅनिफेस्ट’ पोस्ट-प्रोसेसर नव्या इमेजचा आयडी जेसन फाइलमध्ये लिहून देतो. तो लगेच प्रॉडक्शनला जोडू नका. त्या इमेजवरून एक मशीन उठवा, ॲपचा पत्ता २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) उत्तर देतो का बघा, एकदा रीबूट करून पुन्हा बघा, आणि मगच आयडी पॅरामीटर स्टोअरमध्ये (ॲमेझॉनच्या सेटिंग साठवणीत) लिहा. लाँच टेम्प्लेट (नवा सर्व्हर कसा उठवायचा याचा साचा) तिथून आयडी वाचू शकतं, त्यामुळे दर वेळी टेम्प्लेट बदलावं लागत नाही, आणि परत फिरायचं असेल तर जुना आयडी लिहिला की झालं.

जुन्या इमेज साठत जातात. एएमआय डीरजिस्टर केली (यादीतून काढली) तरी तिच्या मागचा स्नॅपशॉट (डिस्कची साठवलेली प्रत) आपोआप जातोच असं नाही. तो पुसायचं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर त्याचं भाडं चालू राहतं. शेवटच्या तीन-चार ठेवून बाकीच्या काढा, पण काढण्याआधी कोणतं लाँच टेम्प्लेट अजून जुन्या आयडीकडे बोट दाखवतंय ते तपासा. चालू सर्व्हर इमेज गेल्यावरही चालतच राहतात, म्हणून त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही. कळमन्यात गर्दी वाढते, ऑटोस्केलिंग नवा सर्व्हर मागतं, आणि तो उठायचं नाव घेत नाही.